डेबी नावाची कुणी नाही

१

मायलीनला मरून महिना उलटून गेला होता, आणि त्या सकाळी तिच्या ब्लॉगवर तिच्याच नावाने नवा लेख आला.

तिची आई सिदोन्या माझ्या दारात फोन पुढे धरून उभी होती. चपला घालायचंही भान नव्हतं तिला. मी कॉफीत पाव बुडवत होते, तो तसाच राहिला.

"एस्तेर, दाय, हे बघ गं. घंटी वाजली. माझी पोर काही लिहायची तेव्हाच ही घंटी वाजते. दुसऱ्या कशालाही वाजत नाही."

आमच्या इलोइलो शहरात धाकट्या बाईला प्रेमाने दाय म्हणतात आणि थोरलीला मानांग; तरण्या पोराला तोतो, थोरल्या बाप्याला मानोंग. मी पन्नाशी ओलांडली तरी सिदोन्यासाठी दायच. मी फोन घेतला. वर मायलीनचा तोच फोटो होता, हातात वाडगा, नाकावर घाम, दात दाखवून हसणारी. खाली लेख: घरबसल्या कोंबडझुंजीवर पैज कशी लावावी. शेवटी लिहिलं होतं, तुमची लाडकी मायलीन.

माझ्या तोंडून शिवी गेली. "मानांग, बस आधी. कुणीतरी हरामखोराने तिचा ब्लॉग पळवलाय. जाहिरातीसाठी. असं होतं आजकाल."

"ते मला कळलं," सिदोन्या म्हणाली. ती बसली नाही. "मेलेली माणसं लिहीत नाहीत. म्हातारी असले तरी वेडी नाही मी. मला एवढंच सांग, आज जो तिच्या नावाने लिहितोय, त्यानेच तेव्हाही लिहिलं नसेल कशावरून?"

तेव्हा म्हणजे मायलीन गेली त्या सकाळी. तिच्या ब्लॉगवर दोनच ओळी आल्या होत्या: मी थकले आहे. मला माफ करा. त्याच सकाळी ती व्हिला नावाच्या किनाऱ्यावर सापडली, ओली, वाळूत तोंड खुपसलेली. फोन मिळालाच नाही. पोलिसांनी त्या दोन ओळी वाचल्या आणि वही मिटली. सगळ्या गल्लीने मान हलवली. लग्न ठरलेली पोर, समुद्रात चालत गेली.

"तिचा चाळिसावा दिवस चार दिवसांवर आलाय," सिदोन्या म्हणाली. "त्या दिवशी आत्मा निघून जातो. तोवर ती इथेच आहे, माझ्या स्वयंपाकघरात. ती जायच्या आत मला कळलं पाहिजे, एस्तेर. माझी मुलगी स्वतः गेली, की तिला नेली?"

२

माझा धंदा काय होता ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

सर्च इंजिन म्हणजे गावातली चौकस म्हातारी. कुठलं दुकान चांगलं असं तिला विचारलं, की ती बघते चार भली माणसं कुणाचं नाव घेतात, आणि त्यालाच वर बसवते. इंटरनेटवर हे नाव घेणं म्हणजे लिंक. तुमच्या पानावरून माझ्या पानाकडे दाखवलेलं बोट. आता तुमचं नाव घेणारी चार भली माणसंच नसतील तर? तर ती आम्ही बनवून द्यायचो. हारो भागात हार्डवेअरच्या दुकानावर रोमेलचं ऑफिस होतं, तिथे बसून.

मी तिथे बरीच वर्षं काढली. एकटी मी किती माणसं होते विचारू नका. लिस्बनमधला निवृत्त शिक्षक होते, सिडनीतली योगवाली होते. पण माझी लाडकी होती डेबी. अमेरिकेत ओहायोला राहायची, तीन मुलं, नवरा ट्रकवाला, आणि बिस्किट नावाचं लंगडं कुत्रं. मी जन्मात बर्फ पाहिला नाही, पण डेबीच्या अंगणातला बर्फ मी इतका उपसला की माझी कंबर दुखायची. सोशल मीडियावर तिची खाती होती, वाढदिवसाला तिला शुभेच्छा यायच्या, त्याही आमच्याच बाकीच्या नसलेल्या माणसांकडून. आणि बर्फाच्या मध्येच कुठेतरी डेबी सहज एखाद्या गिऱ्हाइकाच्या पानाकडे बोट दाखवायची. झालं काम.

या ब्लॉगांवर खराखुरा वाचक कधी फिरकायचा नाही. कमेंटी यायच्या ढिगाने, पण त्याही यंत्रांच्याच, गोळ्यांच्या नाहीतर कर्जाच्या. आमच्याकडे नियमच होता, कमेंटी उघडायच्या नाहीत, फुकट वेळ जातो.

मायलीन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. दोन वर्षांत सोडून गेली, डेबी जन्मायच्याही आधी. "मानांग, मला खोटी बाई होता येत नाही," म्हणाली. मी म्हटलं, "बाई गं, खरी बाई होऊन कुणाचं पोट भरलंय?" पण तिने खरंच स्वतःचा ब्लॉग वाढवला. इलोइलोचं खाणं, बस्. ला पाझच्या बाजारातला रश्शातल्या शेवयांचा बाचोय, मोलोचं सूप, पहाटेची मासळी. आधी आम्ही हसलो. मग वर्तमानपत्रांनी तिच्या लिंक दिल्या, विद्यापीठाने दिली, नगरपालिकेच्या पर्यटनवाल्यांनी दिली. आपणहून. असं पान बनवता येत नाही, म्हणून तर या धंद्यातल्या प्रत्येकाच्या तोंडाला त्याचं पाणी सुटतं. तिला विकत मागणारे खूप होते. ती म्हणायची, आईला विकेन एक वेळ, पण हे नाही. सिदोन्या हे ऐकून खो खो हसायची.

आणि पुढे तीच सिदोन्या एक दिवस कोंबडीचं पिल्लू घेऊन पोरीच्या शवपेटीपाशी आली.

खून झालेल्या माणसाच्या पेटीवर आमच्याकडे जिवंत पिल्लू ठेवतात. ते पेटीच्या काचेवर टोचत राहतं, आणि तसंच ते खुन्याच्या काळजाला टोचतं, असं मानतात. जागरणाला बसलेल्यांचा पत्त्यांचा डाव थांबला. पाद्री म्हणाले, सिदोन्या, हे बरं नाही. मी म्हटलं, मानांग, लोक काय म्हणतील. आर्नेल, तिचा होणारा नवरा, भिंतीकडे तोंड करून रडत होता. शेवटी रोमेलने तिच्या हातातून पिल्लू हळूच काढून घेतलं, म्हणाला, "नका, मानांग, तिच्या आत्म्याला त्रास होईल," आणि ते बाहेर सोडून आला. बिचारा, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

पुरण्याआधी पेटी घरात होती त्या नऊ दिवसांत मायलीनचा लॅपटॉप पेटीशेजारी उघडा ठेवलेला होता. त्यावर तिचे फोटो फिरत राहायचे. ब्लॉगचं दारही त्यात उघडंच असायचं, पासवर्ड न विचारणारं. येणाऱ्या जाणाऱ्या कुणालाही दोन मिनिटं पुरली असती.

म्हणजे चोर आमच्यातच जेवून गेला होता.

३

आर्नेलला मी फोर्ट सान पेद्रोच्या भिंतीवर बसलेला गाठला. बोटीवरचा माणूस. सुट्टी संपत आली तरी जायचं नाव घेत नव्हता.

"तुझं भांडण झालं होतं तिच्याशी," मी म्हटलं. आडवळण मला जमत नाही.

"झालं होतं. मी म्हणत होतो मनिलाला राहू, ती म्हणत होती बाचोय सोडून कुठे येऊ." तो माझ्याकडे बघेना. "मानांग, तुम्ही पण तेच विचारायला आलात ना? मी तिला काही बोललो का, म्हणून ती गेली का? अख्खं गाव तोंडाने विचारत नाही, डोळ्यांनी विचारतं."

"त्या सकाळी तू कुठे होतास?"

"मनिलाला. बोटीची डॉक्टरी तपासणी होती, कंपनीचे कागद आहेत. आदल्या संध्याकाळी फोनवर बोलली ती. हसत होती. उद्या तुला मोठ्ठा मासा दाखवते म्हणाली. मी पोलिसांना सांगितलं. ते म्हणाले, तोतो, अशी माणसं आदल्या दिवशी हसतातच." त्याने डोळे पुसले. "हसतात का हो, मानांग?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून निघाले.

मग ला पाझला, मानोंग विसेंतेच्या दुकानात. या बाबाने भर बाजारात ओरडून सांगितलं होतं की त्या पोरीला मी रश्शात उकळीन. कारण मायलीनने लिहिलं होतं की त्याच्याकडे कालचा रस्सा आज गरम करून देतात.

"बोललो होतो," विसेंते म्हणाला. पळी हातातच होती. "बोललो, मग रस्सा सुधारला. ती परत आली, दोन वाडगे संपवले, आणि असं काही लिहिलं की मनिलाची माणसं विमानतळावरून थेट माझ्याकडे यायला लागली. मी तिला मारीन? एस्तेर, मी काय माझ्या म्हशीलाच विष घालीन?"

"तिच्या ब्लॉगचं काय झालंय ते कळलं?"

"मला कुठलं कळतंय! मुलाने दाखवलं. माझ्या बाचोयचं जुनं पान होतं, त्यावर आता कोंबडे नाचतायत. काल एक गिऱ्हाईक विचारत होतं, इथे पैज घेता का." त्याने पळी दाणकन आपटली. "ज्याने हे केलंय त्याला खरंच उकळीन मी."

एवढं मात्र माझ्या डोक्यात टोचून राहिलं. ब्लॉगवर तिची शेकडो पानं होती. नव्या लेखाखेरीज चोराने नेमकं बाचोयचंच पान का बदललं?

४

रोमेलच्या ऑफिसचा जिना चढताना माझे गुडघे कुरकुरले. वर गेले तर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, पंखा एकच चालू.

"सगळे गेले, मानांग," रोमेल हसून म्हणाला. गोड पोरगा, आधीपासून गोड. "सर्च इंजिनने मागच्या वर्षी आपले सगळे ब्लॉग ओळखले आणि एका फटक्यात खाली ढकलले. आता मी एकटाच. मीच डेबी, मीच सिडनीची योगवाली."

"अजून चालवतोस त्यांना?"

"थोडंफार. हातपाय हलवायला हवेत ना."

मी लेखाचं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "अरेरे! मेलेल्या माणसालाही सोडत नाहीत. मानांग, हे असले आयत्या बिळावरचे नागोबा कुठल्या कुठे परदेशात बसलेले असतात. तुम्हाला नाही सापडायचे. माझ्यावर सोडा, मी बघतो."

"तुला तो ब्लॉग हवा होता ना कधी?"

"कुणाला नको होता? तिने नाही म्हटलं, विषय संपला. त्याला वर्ष झालं. तेव्हापासून तर तिचं तोंडही पाहिलं नव्हतं मी, थेट पेटीतच पाहिलं." निघताना त्याने केळीच्या पानात बांधलेला गोड चिकट भात माझ्या हातात दिला, सिदोन्यासाठी. "चाळिसाव्याला येतोच. माझ्या आईसारखी आहे ती."

मी तो भात सिदोन्याला दिला. तिने डोळ्यांत पाणी आणून खाल्ला.

घरी येऊन मी माझं जुनं हत्यार काढलं. कुठल्या पानाकडे कोण कोण बोट दाखवतंय, हे दाखवणाऱ्या साइट असतात. मी त्यात बाचोयच्या पानाचा पत्ता घातला. वर्तमानपत्रं आली, विद्यापीठ आलं, पर्यटनवाले आले, जुने ओळखीचे सगळे. आणि त्यांच्या खाली नवी नावं. लिस्बनचा निवृत्त शिक्षक. सिडनीची योगवाली. आणि ओहायोच्या बर्फातून, बिस्किटच्या आजारपणाच्या लेखातून, मायलीनच्या बाचोयकडे बोट दाखवणारी माझी डेबी. ते बोट ठेवलं होतं या शब्दांवर, जे दाबले की मायलीनचं पान उघडायचं: कोंबडझुंज, घरबसल्या पैज.

मीच जन्माला घातलेली बाई माझ्याकडे बघत होती.

पण मी उठले ते तिच्यामुळे नव्हे, तर तिच्या लेखावरच्या तारखेमुळे. तो लेख मायलीन जिवंत असतानाचा होता.

५

आता शांतपणे विचार करा, मी केला तसा.

आमच्या धंद्यात लिंका एकदम ओतत नाहीत. एका दिवसात शंभर बोटं एकाच पानाकडे वळली की ती चौकस म्हातारी ओळखते, काहीतरी शिजतंय. म्हणून थेंब थेंब सोडायचं, आठवडे आठवडे आधीपासून. म्हणजे पान पुढे वापरायला काढलं, की त्याला बळ आधीच मिळालेलं असतं. रोमेलनेच आम्हाला शिकवलेलं. हाडात मुरलेली सवय ती.

पण त्या आठवड्यांत बाचोयच्या पानावर बाचोयच होता! मायलीनचा, विकायला नसलेला. त्याला कोंबडझुंजीच्या शब्दांनी खतपाणी घालून रोमेलला काय मिळणार होतं? दुसऱ्याच्या शेताला खत कोण घालतं? ज्याला पक्कं माहीत असतं की पीक आपणच काढणार, तोच. ब्लॉग नुसता चोरला असता तर मायलीनने दुसऱ्या दिवशी परत मिळवला असता. ती जिवंत असेतो ते पान त्याचं होणार नव्हतं. ती गेल्यावर मागे कोण? फोनची घंटी तेवढी ओळखणारी एक म्हातारी.

कोंबडझुंजीच्या ऑनलाइन पैजांवर बंदी आल्यापासून तो धंदा चालवणारी माणसं लपूनछपून गिऱ्हाईक शोधतात, आणि त्यांना दिलेला शब्द मोडायचा नसतो. रोमेलचे सगळे ब्लॉग झोपले होते. शब्द मात्र देऊन बसला असणार.

पण यात एक भोक होतं, आणि ते रोमेललाही माहीत असणार. ब्लॉगवरच्या लेखाची तारीख मागची टाकता येते. आम्ही सर्रास टाकायचो. तो म्हणेल, लेख तिच्या मरणानंतरचा आहे, तारीख खोटी.

सहज, अगदी सहज, मी डेबीच्या ब्लॉगच्या मागच्या दारावर माझा जुना पासवर्ड टाकला. माझ्या मेलेल्या कुत्र्याचं नाव. दार उघडलं. त्याने बदललाच नव्हता. आपल्या नसलेल्या माणसांच्या घराला कुलूप कोण लावतो?

आत कमेंटींचा उकिरडा साचला होता, मंजुरीची वाट बघत पडलेल्या. गोळ्या, कर्ज, गोळ्या. कुणी कधी उघडल्याच नव्हत्या, नियमच होता तो. मी वाचत गेले. दुपार टळून गेली, चूल पेटवली नाही. आणि त्या घाणीत एके ठिकाणी एक नाव दिसलं, आणि मी तोंडावर हात दाबून धरला.

मायलीन.

६

चाळिसाव्याला दुपारी सिदोन्याच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. प्रार्थना झाली. मांडवाखाली लांब टेबल, त्यावर भात, डुक्कर-फणसाची आमटी, भाजलेले मासे. कोपऱ्यात मायलीनचा फोटो आणि तिच्यासाठी वेगळं वाढलेलं ताट. तिच्या ताटात बाचोय होता. विसेंतेने स्वतः आणला होता, ताज्या रश्शाचा.

आर्नेल होता. रोमेल होता, सगळ्यांना वाढत, धावपळ करत. आणि सिदोन्याचा पोलिसातला मावसभाऊ, सार्जंट बेलेन, ज्याने तेव्हा वही मिटली होती. त्याला मी सकाळीच सगळं दाखवलं होतं आणि थोड्या शिव्याही घातल्या होत्या. तो माझं ऐकून एका ठिकाणी जाऊन आला होता, आणि आता मान खाली घालून बसला होता. सिदोन्याला मी काही सांगितलं नव्हतं. फक्त म्हटलं होतं, मानांग, ते पिल्लू आण.

सगळे जेवायला बसले तेव्हा मी उभी राहिले.

"मायलीनचं एक पत्र आलंय," मी म्हटलं. "मेल्यावर नाही. आदल्या दिवशी. डेबी नावाच्या बाईला."

रोमेलच्या हातातला डाव भाताच्या पातेल्यावर थांबला.

"डेबी नावाची कुणी नाही. ती मी बनवली होती, मायलीन ऑफिस सोडून गेल्यावर. हल्ली ती रोमेल आहे. पण आपल्या वेड्या पोरीला वाटलं ती खरीच आहे." मी फोन डोळ्यांपाशी धरला आणि वाचलं. "डेबीताई, तुमच्या ब्लॉगवरून माझ्या बाचोयच्या पानाला लिंक आली आहे, अशी मला सूचना आली. खूप आनंद झाला! ओहायोत कुणीतरी माझा बाचोय वाचतंय. पण लिंक कोंबडझुंजीच्या शब्दांवर पडलीय, चुकून झालं असेल. काढाल का? माझी आई असलं काही बघेल तर माझा कान पिळेल."

सिदोन्याच्या घशातून कसलासा आवाज आला. मी थांबले नाही, थांबले असते तर पुढे वाचता आलं नसतं.

"बिस्किट आजारी आहे असं वाचलं. त्याला भाताची पेज आणि थोडं आलं द्या, आमच्याकडे तेच देतात. उद्या पहाटे मी होडीतून मासे बघायला जातेय. माझे जुने बॉस आज आपणहून म्हणाले, वर्षभराचं भांडण मिटवू, होडी मी ठरवतो. परत आले की तुम्हाला माशांचे फोटो पाठवीन. तुमची, मायलीन."

आर्नेल उठून उभा राहिला. "मासा," तो म्हणाला. "मला म्हणाली होती, मोठ्ठा मासा दाखवते."

"लिंक तिने जिवंतपणी पाहिली," मी म्हटलं. "म्हणजे तारीख खरी. तिच्या पानावर कोंबडे नाचवायची तयारी ती जिवंत असतानाच सुरू झाली होती. आणि तू म्हणालास, वर्षभर तिचं तोंड पाहिलं नाही; मग, तोतो, तिला आदल्या दिवशी कोण भेटलं? तिचा जुना बॉस म्हणजे तूच, आमचं जुनं ऑफिस एकच होतं."

रोमेल हसायचा प्रयत्न करत होता. "मानांग, अहो, तुम्ही पण... असं कुणीही लिहील. डेबीच्या आत तर तुम्हीच शिरलात. तुम्हीच लिहिलं असेल."

"मलाही आधी तसंच वाटलं," सार्जंट बेलेन पहिल्यांदाच बोलला. "म्हणून सकाळी व्हिलाला होडीवाल्यांकडे जाऊन आलो. तेव्हा विचारलंच नव्हतं कुणाला. समुद्रात चालत गेलेल्या पोरीला होडी कशाला लागेल, असं वाटलं होतं. एकाने ओळखलं तुला. होडी भाड्याने घेतलीस, नावाडी नको म्हणालास. गेलात दोघं, आलास एकटा. मुलगी पलीकडे गिमारास बेटावर उतरली, असं सांगितलंस त्याला. किनाऱ्यावरची पोर स्वतः चालत गेली असं सगळे म्हणत होते, म्हणून त्याने दोन्ही जोडलंच नाही. त्या दोन ओळी तिच्याच फोनवरून तू टाकल्यास, म्हणून तो फोन मिळाला नाही."

रोमेलने डाव पातेल्यात ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ नये असा.

तेव्हा सिदोन्या उठली. पदराच्या टोकात धरावं तसं तिने पिल्लू झग्याच्या ओटीत धरलं होतं. ती टेबलाला वळसा घालून आली आणि ते पिवळं पिल्लू तिने रोमेलच्या ताटात ठेवलं. त्याला काय कळणार, ते भाताची शितं टोचायला लागलं. टक, टक, चिनीमातीवर चोच वाजायला लागली.

"माझ्या हातातून तू हे काढून घेतलंस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी तुला पोटचा समजून जेवायला वाढलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात असं ऐकलं होतं. मी स्वतःच्या हाताने वाढलं तुला ते."

रोमेल पिल्लाकडे बघत राहिला. "पैजवाले मला सोडणार नव्हते, मानांग," एवढंच म्हणाला तो. "मी खूप विनवलं तिला. होडीतसुद्धा विनवलं. तिने फक्त पान देऊन टाकलं असतं तर..."

आर्नेल टेबल ओलांडून त्याच्यावर गेला. त्याला धरायला चौघं लागले, आणि विसेंतेने मुळीच धरलं नाही. बेलेनने रोमेलला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं. त्याच्या ताटातलं पिल्लू टोचतच होतं.

लोक हळूहळू गेले. आमच्याकडे अशा घरातून जाणाऱ्याला दारापर्यंत पोचवत नाहीत, म्हणून आम्ही दोघी मांडवातच बसून राहिलो. सिदोन्याने तो फोन मागितला, कमेंट स्वतः वाचली, ओठ हलवत, दोनदा. मग विचारलं, "डेबीने उत्तर दिलं का गं तिला?"

"मानांग, डेबी नाहीच. सांगितलं ना."

"पण माझ्या पोरीला ते माहीत नव्हतं. ती उत्तराची वाट बघत असेल." तिने फोन माझ्या हातात परत दिला. "तू आहेस ना डेबी. मी सांगते, तू लिही."

मी आधी ती लिंक काढली. लिस्बनची, सिडनीची, सगळ्यांची काढली, सगळीकडे माझीच जुनी कुलपं होती. मग मायलीनच्या कमेंटला मंजुरी दिली आणि खाली उत्तराची जागा उघडली. सिदोन्या कोपऱ्यातल्या ताटाकडे, थंड झालेल्या बाचोयकडे बघत सांगत होती, आणि मी लिहीत होते.

"मायलीन बाळा, लिंक काढून टाकलीय. बिस्किटला बरं आहे. तुझ्या आईला सगळं कळलं, तू तिला सोडून गेली नव्हतीस ते. ती तुझा कान पिळणार नाही." मग ती फोटोकडे वळली. "आता तू जा."

मी पाठवा लिहिलेलं बटण दाबलं. मग आम्ही उठून ताटं गोळा करायला लागलो.